शंभराला एक

वर्षाच्या शेवटच्या रात्री, उपासना संपल्यावर,
पाळकसाहेबांनी एकेक कोरा कागद वाटला.
वर दर्शन लिहा, म्हणाले, खाली पाच उद्दिष्टं,
तारखांसकट. तारीख नसली की
उद्दिष्ट म्हणजे नुसती हळहळ.
पोरंपोरी भराभरा लिहीत सुटली.
मी शेवटच्या बाकावर, चष्मा पुसत.

उद्यमनगरात एकतीस वर्षं मी पॅटर्न करतो.
सागवानी. पंपाची बॉडी, गिअरबॉक्सचं झाकण,
उसाच्या चरकाचं चाक.
माझं काम वाळूत दाबतात,
मग अलगद उचलून घेतात,
आणि उरलेल्या पोकळीत ओततात लोखंड.
गिऱ्हाइकाच्या हाती जातं ते लोखंड.
लाकूड परत फळीवर, धुळीत.

आमच्या पट्टीवरचा सेंटिमीटर
बाजारातल्या सेंटिमीटरहून मोठा असतो.
नव्या पोरांना हे पटत नाही.
केतन परवा दोन्ही पट्ट्या शेजारी धरून म्हणाला,
मिस्त्री, ही तर खोटं बोलते.
म्हटलं, न्हाई रे. तिला ठाऊक आहे
लोखंड निवताना आकसतं.
शंभराला एक.
मापाबरहुकूम केलेला पॅटर्न
मापाचा तुकडा कधीच देत नाही.

कागदावर लिहिलं: दर्शन.
पुढे पेन थांबलं.
चष्म्याच्या डबीत गेल्या सालचा कागद होता, घडी घातलेला,
आणि त्याच्या आदल्या सालचाही.
दोन्हीवर पाच ओळी, दोन्हीवर पाचवी तीच:
बर्णबाशी बोलणे.

नऊ वर्षं. कारण सांगायची लाज वाटते.
आईच्या कबरीच्या दगडावर
खाली मुलांची नावं घालायची होती.
तो थोरला. पैसे माझे.
कुणाचं नाव आधी?
दगड आलाच नाही.
हन्नाबाई अजून एका लाकडी क्रुसाखाली,
तोही वाळवीनं खाल्लेला.
दोन मुलगे असून. त्यातला एक लाकडातला.

त्या रात्री मी वरून सुरुवात केली.
इतकी वर्षं उद्दिष्टं आधी लिहून
त्यांच्या बेरजेलाच दर्शन म्हणत होतो.
लिहिलं: एक लांबलचक पंगत. आई वाढते आहे.
बर्णबा, त्याची बायको, जिनं मला नको ते ऐकवलं,
माझी दोघं, त्याची तिघं,
आणि कुणीही ताटावरून उठून जात नाही.

खाली पाच नाही, एकच ओळ.
पहिला मंगळवार. कसबा बावडा. दुपारी चार.

नव्व्याण्णव कामं शेडमध्ये टाकून निघालो.
रस्त्यात उसाचे ट्रॅक्टर, हवेत मळीचा वास,
पोटात गोळा.
बर्णबा अंगणात टोपी घालून बसला होता.
ये म्हणाला नाही. जा म्हणाला नाही.
आतून चहा आला. मी उभ्यानंच घेतला.
गुडघा दुखतोय होय अजून?
थंडीत.
बस मिळाली?
मिळाली.
परतताना मोजली, अकरा वाक्यं झाली होती,
त्यातली चार त्याची.

पंगत नव्हती ती. उंबऱ्याच्या अलीकडे
एक कप, कान तुटलेला.
आकसलं होतं,
शंभराला एकहून कितीतरी जास्त.
पण नुसता चहा मनात धरून निघालो असतो
तर कोपऱ्यावरच्या पानपट्टीपासूनच
मागे वळलो असतो, हे मला पक्कं माहीत आहे.

आता शेड बंद झाल्यावर तासभर थांबतो.
सागाची एक फळी, तिच्यावर अक्षरं.
दगड नको, बिडाची पाटी ओतून घेऊ.
अक्षरांच्या कडांना थोडा उतार देतोय,
वाळूतून निघताना वाळू ढासळू नये म्हणून.
केतन म्हणतो, मिस्त्री, नाव जरा मोठं नाही झालं?
झालंय.

हन्नाबाईच्या खाली जागा सोडली आहे
दोन नावांची.
कुठलं आधी, ते बर्णबालाच विचारायचं.
डबीतल्या कागदावर तारीख घातली आहे.